हिरव्या दोऱ्याचं लाल फडकं

हे मी कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, विहारात नाही, बाबा खाटेवर पडून होते तवा त्यायलेही नाही. तुले सांगून राहिलो, कारण तू इथला नाहीस. उद्या गेटवर तुही-माही गाठ पडणार नाही. बस जरा. मले वेळ लागन — मी आडवळणानं सांगणारा माणूस आहो, आन् ही गोष्ट तं सरळ तोंडातून निघतच नाही.

भिलाईत ट्रान्सपोर्टच्या लाइनीत मले लोक फडकंवाले साहेब म्हणते. आमच्या कंपनीचे ट्रेलर लोखंडाच्या कॉइली लादून रायपूरकडं जाते, आन् मी तिथी सेफ्टी ऑफिसर. लागलो तवा सेफ्टी म्हणजे काय होतं? गेटवर एक बोर्ड — धीरे चलें, घर पर कोई इंतज़ार कर रहा है — आन् बोर्डाखाली गुटख्याच्या पिचकाऱ्या. मालक एक दिवस म्हणाला, "कुछ ऐसा प्रोग्राम बनाओ कि बड़ी पार्टी को दिखा सकें." दिखा सकें! तवा मले त्या शब्दाचं काही वाटलं नाही. आता वाटते.

पण प्रोग्राम मी मनापासून बनवला, हे खोटं नाही. मी पाहिलं होतं, ड्रायव्हरले खराबी समजते, पण तो बोलत नाही. बोलला का सुपरवायझर अंगावर येते — बहाना बना रहा है. म्हून मी एक सोपा नियम काढला. ज्याले गाडीत काही गडबड वाटली, त्यानं आपल्याकडच्या आरशाले लाल फडकं बांधावं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. फडकं बांधलं का गाडी जागची हलणार नाही, त्याची मजुरी कटणार नाही, आन् ते फडकं सोडायचा हक्क फक्त गाडी सुधरवणाऱ्या मिस्त्रीचा — काम झाल्यावर. सुपरवायझर सोडणार नाही, मालक सोडणार नाही. मी भर मीटिंगमध्ये छाती ठोकून म्हटलं होतं, "मैं भी नहीं खोलूँगा."

फडकी माह्या बायकोनं शिवली. लाल कपड्याचा तागा आणला, पण लाल दोरा सरला, तं तिनं काठ हिरव्या दोऱ्यानं मारले. म्हणे, दुकानात कोण जाते उन्हाचं! हे हिरव्या दोऱ्याचं ध्यानात ठेव.

मीटिंगमध्ये एक ड्रायव्हर मस्करीत बोलला होता, "साहब, लाल तो चुनरी भी होती है. विश्वकर्मा पूजा में तो सारी गाड़ियाँ खराब हो जाएँगी." सगळे खो खो हसले. मीही हसलो. रंग बदलला असता तं काय बिघडलं असतं? पण लाल रंग फोटोत चांगला दिसते — मी असा विचार केला होता. हो, असाच केला होता.

आता देवाजीभाऊचं सांगतो.

देवाजीभाऊ म्हणजे आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरायच्या लाइनीतला माणूस. त्याचे वडील गोंदियाकडून शेती सोडून भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये आले, माहे बाबा भंडाऱ्याकडून. क्वार्टरं समोरासमोर. त्याच्या घरी गणपती, आमच्या घरी बुद्धवंदना, पण भाजीची वाटी दोन्हीकडून चाले. मले सायकल त्यानंच शिकवली. मागून धरून पळे आन् वरडे, "पाय मार बे, मी धरून आहो!" — आन् हात तं कवाचा सोडलेला राहे. पुढं तो ट्रेलरवर लागला आन् मी त्याच कंपनीत साहेब झालो. मी म्हटलं, "भाऊ, मले साहेब कावून म्हणता गा?" तं म्हणे, "घरी तू, गेटवर तुम्ही. तुमची इज्जत मी नाही ठेवली तं हे बाकीचे कावून ठेवतीन?"

पहिलं फडकं त्यानंच बांधलं. कोणी हात लावत नव्हतं, लाज वाटे. ह्यानं बांधलं तं पोरायनं चिडवलं, "काय भाऊ, नवरी सजवून राहिले का?" हा म्हणे, "हो न, तुह्या घरी पाठवतो नांदाले." मग हळूहळू सगळे बांधाले लागले. माहा प्रोग्राम कागदावर मी बनवला असन, पण उभा त्यानं केला. त्याच्यामुळंच मोठ्या पार्टीचे, म्हणजे ज्यायचा माल आम्ही नेतो त्यायचे, साहेब लोक प्रोग्राम पाहाले यायचे ठरले.

ते आले विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी.

तुले माहीत नसन, इथी त्या दिवशी कोणी पान्यालेही हात लावत नाही. गाड्या धुते, हार घालते, गोटा, म्हणजे चमकणारी जरीची किनार, लावलेल्या लाल चुनऱ्या बांधते, बुंदी वाटते. अख्खं यार्ड गप राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेले ट्रेलर एका रांगेत उभे, सगळ्यायवर चुनऱ्या, आन् पाहुण्यायनं हिरवी झेंडी दाखवायची असा थाट. मालकानं मले बाजूले घेऊन सांगितलं, "एक भी गाड़ी खड़ी नहीं दिखनी चाहिए." खराबीची गाडी उभी दिसणं हाच तं प्रोग्राम होता न? मी हे म्हणालो का? नाही. मी म्हटलं, "जी सर."

पाहुणे यायच्या आधी मी रांगेतून एक चक्कर मारला. शेवटची गाडी देवाजीभाऊची. आरशावर चुनरी — आन् चुनरीखाली फडकं. साधं, बिनगोट्याचं, हिरव्या दोऱ्याचं. देवाजीभाऊ जवळ नव्हता, मिस्त्रीले शोधाले गेला असन. आन् मिस्त्री? त्याले मीच नवा युनिफॉर्म देऊन पंडालात खुर्च्या मांडाले लावलं होतं.

मी इकडंतिकडं पाहिलं. आता बघ — ज्यानं इकडंतिकडं पाहिलं, त्याले माहीत होतं न का आपण काय करून राहिलो?

गाठ पक्की होती. नखानं सुटली नाही लवकर. दुहेरी गाठ, ओढून मारलेली. तेवढ्या वेळात मले थांबता आलं असतं. मी मनाले सांगत होतो — देवाजीभाऊचं काय, तो तं इंडिकेटरसाठी पण फडकं बांधते. झेंडी झाली का गेटच्या बाहेर गाडी थांबवू, मिस्त्रीले दाखवू. फडकं सुटलं. मी ते पॅन्टच्या खिशात कोंबलं आन् पाहुण्यायले हार घालाले गेलो.

मी आतापर्यंत मनातल्या मनात स्वतःले सांगत आलो का गडबडीत मी विसरलो. तेही खोटं. विसरलो नव्हतो. झेंडी हलली, एकेक गाडी निघाली, टाळ्या वाजत होत्या. शेवटची गाडी माह्यासमोर आली. देवाजीभाऊनं खिडकीतून मले पाहिलं. त्याच्या तोंडावर हसू होतं. परत आल्यावर त्याले फडकं दिसलं नसन, म्हून तो समजला का मिस्त्री येऊन काम करून गेला. नियमच तसा होता — फडकं नाही, म्हणजे काम झालं. माहाच नियम. त्यानं हात वर केला, जसं म्हणते न, मस्त काम केलं राजा. मी पण हात वर केला.

हात वर करून गाडी थांबवता येत होती. तोच हात होता.

यार्डात हळू चालताना ब्रेक लागला. हायवेवर कुम्हारीजवळ, समोर बस थांबलेली, तवा नाही लागला. बसमध्ये कामावर जाणारे लोक, बाजूनं मोटरसायकलींची रांग. देवाजीभाऊनं गाडी बाजूच्या पुलियाच्या भिंतीवर घातली. दुसऱ्या कोणाले खरचटलंही नाही. त्याचा उजवा पाय केबिनमध्ये दबला, आन् डॉक्टरायले तो गुडघ्याखालून कापावा लागला.

मग कंपनीत चौकशी बसली. मिस्त्री म्हणाला, मी फडकं पाहिलंच नाही. खरं बोलला बिचारा. मग चौकशीवाले मले संगं घेऊन दवाखान्यात गेले. देवाजीभाऊ खाटेवरून म्हणाला, "बांधलं होतं. ब्रेक उशिरा लागून राहिला होता म्हून मी स्वतः बांधलं होतं. मिस्त्रीले शोधून परत आलो तं सुटलेलं होतं." सगळे माह्याकडं पाहाले लागले. रांगेतून चक्कर मारणारा मीच न.

मी म्हणालो — शब्द न् शब्द पाठ आहे मले — "उस दिन सब गाड़ियों पर लाल ही लाल था. हमारे घर में पूजा होती नहीं, मैं चुनरी पहचानता नहीं. पर लाल फडका मैंने एक भी नहीं देखा." कोणी शंकाच घेतली नाही. खरं बोलणाऱ्या घरचा माणूस, अशी आमच्या बाबाची ख्याती होती लाइनीत. मी ती ख्याती वापरली. बाबानं आयुष्यभर कमावलेली गोष्ट मी एका वाक्यात खर्चून टाकली.

आन् मग जे झालं, ते पायापेक्षा वाईट आहे. देवाजीभाऊ माह्याकडं पाहात राहिला. रागानं नाही रे! रागानं पाहिलं असतं तं मी तिथंच ओकून टाकलं असतं सगळं. तो विचार करून राहिला होता. मग हळूच म्हणाला, "साहेब म्हणते तं... पूजेच्या दिवशी चुनरी तं मीच बांधली होती. तेच डोक्यात असन माह्या." त्यानं माह्यावर भरोसा ठेवला आन् आपल्या हातावरचा काढून घेतला. मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हटलं, "होते असं, भाऊ." तोंड कसं उघडलं माहं, काय सांगू?

त्याले गेटवर बसायची नोकरी मी मिळवून दिली. लोक म्हणाले, साहेब मोठ्या मनाचे. दर वर्षी सेफ्टी वीकमध्ये तो नव्या ड्रायव्हरायसमोर उभा राहते, नकली पायावर काठी आपटते आन् सांगते, "मैंने नहीं बाँधा था. तुम बाँधना." मोठमोठे मिशीवाले ड्रायव्हर डोळे पुसते. आता आमच्या यार्डात कोणी फडकं बांधाले लाजत नाही. गाड्या थांबते, सुधरते, मग जाते. माणसं वाचत असतीन, असन. पण म्हून माहं खोटं पुण्यवान होत नाही. हे मी तुले सांगायच्या आधी स्वतःले लय वेळा सांगून पाहिलं, ते गळ्याखाली उतरत नाही.

त्या दिवशीची पॅन्ट धुवाले गेली तवा बायकोले खिशात फडकं सापडलं. "काय जी, हे कोणच्या गाडीचं?" मी म्हटलं, "उरलेलं आहे." तिनं काठावरून बोट फिरवलं, आपल्याच दोऱ्यावरून. "उरलेल्याले ग्रीस कसं लागलं मंग?" मी पेपर वाचत राहिलो. तिनं ते धुतलं, वाळवलं, शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. त्यानंतर तिनं कंपनीसाठी एकही फडकं शिवलं नाही. म्हणे, डोळे दुखते. आता आम्ही बाजारातून आणतो. तिले समजलं का? मी कधी विचारलं नाही. विचाराले भेव वाटते, आन् तिच्याही मनात तेच भेव असन.

पौर्णिमेले विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील आलं, खोटं न बोलायचं, का मी नुसते ओठ हलवतो. बाजूच्यायले वाटते, घसा बसला.

यंदा पूजेच्या दुसऱ्या दिवशी देवाजीभाऊ स्मृति नगरच्या माह्या घरी आला. हातात बुंदीचा डबा. गेटवरची नोकरी सोडून पोरीकडं गोंदियाले चालला, निरोप घ्याले आला होता. पायऱ्या चढताना मी हात देऊन राहिलो तं म्हणे — आता घरीही तो मले तुम्हीच म्हणते — "राहू द्या, धरू नका, सवय आहे मले." बसला. इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. मग एकदम म्हणाला, "साहेब, एक सांगू? पहिले लय वर्षं मले सपनात दिसे — मी गाठ मारून राहिलो, दोन वेळा ओढून. मी दचकून उठो. वाटे, हे तं झालं होतं खरंच. आता नाही दिसत. कितीही आठवलं तरी नाही आठवत. बरं झालं न? डोक्यातला घोळ मिटला."

बायको दारात उभी होती, चहाचा ट्रे हातात घेऊन. तिनं माह्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "घ्या भाऊ, चहा थंडा होते."

तो चहा पिऊन, बायकोले नमस्कार करून, जिना उतरून गेला. मी फाटकापर्यंत गेलो. ऑटोत बसल्यावर त्यानं हात वर केला, आन् मीही केला.

देवाजीभाऊनं फडकं बांधलं होतं. आपल्याकडच्या आरशाले, दोन गाठी मारून, पक्कं. त्याले आता ते आठवत नाही. मले आठवते. मी ते सोडलं.