सरुबाईच्या स्वयंपाकघरातला पाहुणा

सरुबाई भाजी विकायला बसते असं म्हटलेलं तिला चालत नाही. ती गिऱ्हाईक निवडायला बसते. गंगापूर रोडच्या एका कोपऱ्यावर तिची टोपली, टोपलीत मळ्यातली मेथी-कोथिंबीर, सणासुदीला झेंडू. मेथीची काडी मोडून बघणाऱ्याला ती सरळ सांगते, "दादा, पुढं जा. तुमच्याजोगी भाजी नाय माझ्याकडं." मी इतकी वर्षं तिच्याकडून भाजी घेते, पण कढीपत्ता मागायचं धाडस मला अजून झालेलं नाही. मनात आलं तर ती आपणहून टाकते, आणि तिच्या मनात फारसं येत नाही.

आमच्या यशश्रीचे मात्र ती सगळे लाड करते. माझी ही मुलगी हवेतल्या कणांवर संशोधन करते. डोळ्यांना न दिसणारे, केसाहून कितीतरी बारीक कण. ते छातीत उतरतात, तिथून रक्तात जातात, आणि चुलीच्या धुरातली काजळी तर वर जाऊन हवाही तापवते. हे सगळं मला पाठ आहे, कारण जेवताना आमच्याकडे दुसरा विषय नसतो. तिच्यापायी देवघरातली उदबत्ती गेली. मिरचीची फोडणी मी ती आंघोळीला गेली की उरकून घेते.

तर यशश्रीला काही स्वयंपाकघरांत यंत्र लावायचं होतं. डब्याएवढं यंत्र, हवा ओढून घेणारं, आत पांढरा कागद, पुढे हिरवा दिवा. सरुबाईकडे चूल आहे हे मीच सांगितलं. गॅसची शेगडीही होती तिच्याकडे, पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. एरवी तिच्यावर भरतकामाचा रुमाल. गॅसवरच्या भाकरीला चव नसते हे सरुबाईचं मत, आणि त्या घरात दुसरं मत नसायचं.

मत नव्हतं, पण सून होती. दीपमाला, कळवणकडची, पहिलटकरीण. चुलीपुढे बसली की तिच्या डोळ्यांना धार लागायची आणि खोकला थांबायचा नाही. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. पण सासूला ते सांगायचं कुणी? नवरा कुंदन आईसमोर तोंड उघडायचा तो जेवायलाच. एकदा दीपमालानं हिय्या करून विषय काढला, तर सरुबाई म्हणाली, "माझी चार पोरं या चुलीपुढंच झाली. तुमचंच काय नवीन आलंय?" विषय संपला. त्यामुळे यंत्र येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद दीपमालाला झाला. आपल्याला बोलता येत नाही ते हे यंत्र बोलेल, अशी तिला आशा होती.

यंत्र लावताना यशश्रीनं बजावलं, "मावशी, हे इथं आहे हे विसरून जायचं. रोजच्यासारखंच वागायचं."

"इसरले बघ," सरुबाई म्हणाली.

आठवड्यानं यशश्री यंत्र आणायला निघाली, तेव्हा झेंडूच्या आशेनं मीही तिच्या स्कूटरवर मागे बसले. मखमलाबादच्या पुढे सरुबाईचा मळा, तिथंच घर. यशश्रीनं यंत्र उघडून आतला कागद काढला आणि बघतच राहिली. चुलीच्या घरात काळा व्हायला हवा होता तो कागद कोरा करकरीत. सरुबाई पदर सावरून शेजारी उभी.

"पास झालो ना आम्ही?"

यशश्रीनं कागद उलटून पाहिला. यंत्र पिशवीत घालून आम्ही बाहेर पडलो, तर गोठ्यापाशी दीपमाला वाट बघत उभी. तिनं यशश्रीचा हातच धरला.

"ताई, यंत्र नेऊ नका ना. ते हाय तवर चूल बंद हाय."

मग सगळं कळलं. पहिल्याच सकाळी चूल पेटवायला बसलेल्या सरुबाईला हिरवा दिवा दिसला. शिकल्यासवरल्या घरून आलेलं यंत्र, म्हणजे पाहुणाच तो. पाहुण्यापुढे कुणी धूर करतं का? तिनं शेगडीवरचा रुमाल काढला आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर सुरू झाला. झाडायच्या आधी पाणी शिंपडायची, पाहुण्याच्या नाकात धूळ जायला नको म्हणून.

"इतके दिस मला खोकला नाय आला, ताई," दीपमाला म्हणाली. "आता सांच्याला चूल पेटंल." आणि पोरगी रडायलाच लागली.

मला सरुबाईचा इतका राग आला की आजपासून तिची मेथी बंद, असं मी ठरवून टाकलं. यशश्रीची तर पंचाईतच. तिचं सगळं मोजमाप वाया गेलेलं, आणि यंत्र दुसऱ्या दिवशी विंचूरला एका घरी लावायचं होतं, ते ठेवताही येत नव्हतं. घरी आल्यावर तिनं यंत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "प्रयोगशाळेत एक जळकं यंत्र पडलंय. आतलं सगळं काढलेलं, नुसता डबा."

"डबा काय मोजणार?"

"काही नाही. पण दिवा लावता येईल."

उदबत्तीवरून माझी उलटतपासणी घेणारी ही सत्यवादी मुलगी त्याच दुपारी सेलवर चालणारा हिरवा दिवा लावलेला रिकामा डबा घेऊन परत मळ्यात गेली. शिवाय आपल्या अभ्यासातून सरुबाईचं घर तिनं काढून टाकलं. "मावशी, तुमचं घर इतकं छान निघालं की हे यंत्र आता कायमचं इथंच," असं तिनं चेहरा न हलवता सांगितलं. सरुबाईनं डब्याकडे बघितलं, यशश्रीकडे बघितलं, मग सुनेकडे.

"बरं," ती म्हणाली. "हाताला येईल असं लाव."

त्या थंडीत एकदा सरुबाई कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल घेताना दिसली. टॉर्चसाठी का, असं मी विचारलं, तर नुसती हसली.

पुढे दीपमालाला मुलगी झाली. आरोही. बारशाला मी गेले. स्वयंपाकघरात चुलीवर कांद्यांची पाटी ठेवलेली, भिंतीवर हिरवा दिवा चालू. आणि माझ्यादेखत सरुबाईनं त्या यंत्राचं झाकण उघडून आतून लसणाचा गड्डा काढला.

"अगं सरुबाई! हे कधी उघडलंस?"

"लावलं त्याच दिशी. आत काय बी नाय. म्हनलं, उंदीर पोचत नाय, लसूण ऱ्हाईल."

"आणि दिवा?"

"सेल संपलं का मीच बदलते." ती लसूण सोलायला बसली. "वहिनी, सून म्हनती म्हून चूल इझवली असं भावकीत झालं असतं, तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. यंत्र म्हनतंय म्हनल्यावर कोन काय बोलंल?"

"पण तुला पटलं कधी?"

"ती खोकायची थांबली तवाच. मला ऐकू येतं ना." सरुबाईनं हातातली पाकळी सोलून बाजूला ठेवली. "आधीबी येत व्हतं."

तेवढ्यात दीपमाला आत आली. सरुबाईनं झाकण खाडकन लावलं आणि आवाज चढवला, "दीपे, च्या गॅसवरच ठेव गं! यंत्र बघतंय!"

"हो आई," म्हणत दीपमालानं शेगडी पेटवली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना. निघताना सरुबाई दारापर्यंत आली. न मागता माझ्या पिशवीत कढीपत्त्याची ही मोठी डहाळी कोंबली आणि हळूच म्हणाली, "यशूला सांगू नका हां, वहिनी. मला फसवलं असं वाटतंय तिला. कळलं तर पोरीला वाईट वाटंल."