वाचलं की वाचलो

सुगंधाताई मांजरेकरांचा चष्मा रोज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हरवतो. त्या वेळी शाळेची मधली सुट्टी होते आणि पोरं लायब्ररीत घुसतात. सुगंधाताई एखादं गोष्टीचं पुस्तक उघडतात, आपल्या कणकवली कॉलेजच्या इंग्रजीत दोन पानं मोठ्याने वाचतात, आणि गोष्टीतल्या चोराने खिडकीतून एक पाय आत टाकला रे टाकला की डोळे बारीक करून विचारतात, "माजो चष्मो खंय गेलो रे? आता पुढचा कोण वाचतलो?"

मस्कतच्या इंडियन शाळेतली पोरं. कुणी मल्याळी, कुणी तमिळ, कुणी पंजाबी. मालवणीचा एक शब्द कुणाला येत नाही, पण प्रश्न सगळ्यांना कळतो. चोराचं पुढे काय झालं हे समजायला हवं असेल तर आता स्वतःच वाचायला हवं, म्हणून त्या एका पुस्तकासाठी झोंबाझोंबी होते. चष्मा ताईंच्या डोक्यावर असतो. तो सगळ्यांना दिसतो आणि आजवर एकाही पोराने तो तिथे असल्याचं सांगितलेलं नाही.

शाळेत त्यांचा हुद्दा असिस्टंट लायब्रेरियन. कुणाच्या असिस्टंट, ते बारा वर्षांत कुणाला सापडलं नाही, कारण लायब्रेरियनची जागा पहिल्यापासून रिकामी आहे. मूळच्या देवगडच्या. नवरा धनेश मस्कतच्या रुवी भागातल्या एका कंपनीत एसी दुरुस्त करतो, मुलगी शिवांगी कोल्हापूरला नर्सिंग शिकते. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं ताई शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायच्या-उतरवायच्या कामावर होत्या. तिथे त्यांनी एक नियम केला होता, खिडकीची जागा हवी असेल तर रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचून दाखवायची. रुवी ते शाळा, मनी एक्स्चेंजपासून सलूनपर्यंत. मुख्याध्यापिका खुदेजा मॅडम एकदा त्या बसमधून आल्या आणि दुसऱ्या दिवशी ताईंच्या हातात लायब्ररीची किल्ली दिली.

आता माझ्याविषयी, कारण या गोष्टीतला खलनायक मीच आहे. मी शिरीष दाबके. कोथरूडचा. इथे एका कंपनीत पाइपलाइनचं काम बघतो. स्वभावाने नीटनेटका. माझ्या बायकोच्या, अस्मिताच्या, चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या नऊ चुका लाल पेनाने दुरुस्त करून, फोटो काढून परत पाठवली होती. चांगल्या मनाने पाठवली होती. तेव्हापासून त्या घरचं आम्हाला बोलावणं नाही.

तर असा मी गेल्या वर्षी शाळेच्या पालक समितीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिलो. आमची शाळा चालते पालकांच्या फीवर. त्यामुळे फी वाढणार अशी नुसती कुणकुण लागली तरी पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटतो. त्यात शाळेला डिजिटल लॅब हवी होती. नवी खोली बांधायची तर फी वाढवणं आलं. मी शांतपणे बसून शाळेचा नकाशा पाहिला आणि मला तोडगा सापडला. तळमजल्यावर एक मोठी खोली होती. तिच्यात पुस्तकं नावाची एक वस्तू जागा अडवून बसली होती. पुस्तकं प्रत्येक वर्गात थोडी थोडी वाटून टाकायची, खोलीत लॅब. खर्च शून्य. मी घोषणा केली: "फीवाढ नाही, लॅब होणारच!" एका घरामागे एक मत होतं आणि घरंच्या घरं माझ्या बाजूने झाली.

माझ्याविरुद्ध उभा होता नूरुद्दीन. रत्नागिरीचा माणूस, रुवीत घड्याळांचं दुकान. त्याचं एकच आश्वासन होतं, बसच्या थांब्यावर सावली करू. मी त्याला हसलो होतो. लोक उन्हात उभे राहून मला मत देणार होते.

मग मी टेप घेऊन लायब्ररी मोजायला गेलो. वाटलं होतं, सुगंधाताई रडतील, भांडतील, निदान तोंड फिरवतील. खोली गेली असती तर त्यांची नोकरीही गेली असती, हे मला ठाऊक होतं. पण त्या हसत पुढे आल्या. "एकट्याने कसं मोजताय सायब? द्या, टोक धरते."

त्यांनी टोक धरलं. पहिल्यांदा रुंदी भरली सतरा फूट. मी वहीत लिहिलं. मला खात्री वाटेना, म्हणून पुन्हा मोजली. सोळा. तिसऱ्यांदा साडेपंधरा.

"असं कसं होईल?" मी म्हटलं.

"एसी जास्त आसलो की खोली आखडता ओ," ताई म्हणाल्या. "आमचे हे एसीचेच मेकॅनिक. घरी विचारून सांगते हवं तर."

मी इंजिनिअर माणूस. मला पाचव्या मिनिटाला समजलं की बाई टेपचं टोक भिंतीला लावतच नाहीत, दर वेळी थोडं अलीकडे धरून उभ्या राहतात. पण तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, चष्मा हरवला, आणि चाळीस पोरांच्या गर्दीत माझा टेपही हरवला. तो मला चार दिवसांनी घरी सापडला. माझ्याच मुलाच्या दप्तरात.

माझा मुलगा अनय चौथीत आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आला तेव्हा दुसरीत होता. अबोल पोर. पालकसभेत वर्गाच्या बाईंना विचारलं की म्हणायच्या, "अनय? नो प्रॉब्लेम ॲट ऑल." मधल्या सुट्टीत तो लायब्ररीत असतो एवढं ऐकून होतो. मुलाला वाचनाची गोडी आहे असं मी चार लोकांत सांगतही असे. दप्तरातल्या टेपबद्दल विचारलं तर म्हणाला, "फाउंड इट." मी ओरडलो.

मतदान शनिवारी होतं आणि नेमकं लायब्ररीत, कारण शाळेत दोन दारांची खोली ती एकच. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. पालक पोरांना घेऊन आले. पोरं रांगेत धिंगाणा घालणार, म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने सुगंधाताईंना सांगितलं, यांना जरा गुंतवून ठेवा. असं काम ताईंना सांगायचं नसतं.

त्यांनी हलव्याचा एक रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि पोरांचंही मतदान सुरू केलं: आवडतं पुस्तक कुठलं? पोरांच्या बोटालाही स्टॅम्पपॅडची शाई लावली. ज्याला मत द्यायचं त्याने आधी आपल्या पुस्तकाचं एक पान रांगेतल्या कुठल्याही मोठ्या माणसाला वाचून दाखवायचं किंवा त्याच्याकडून वाचून घ्यायचं. रांग लांब होती. पळायला वाव नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांचे मॅनेजर, एरवी सभेत माईक न सोडणारे, सात वर्षांच्या पोरींसमोर अडखळत वाचत होते. नूरुद्दीनच्या वाट्याला कासवाची गोष्ट आली होती आणि तो कासवाचा आवाज काढत होता.

बाहेरच्या दाराशेजारच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मुलांना एकच प्रश्न होता: या खोलीत तू काय केलंस? उत्तर ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत. मी लगेच अधिकाऱ्याकडे तक्रार केली की हा प्रचार आहे. अधिकाऱ्याने ताईंकडे पाहिलं.

"प्रचार कसलो ओ?" ताई म्हणाल्या. "मुलांचं हस्ताक्षर सुधारतंय. कोणाला मत द्या असं एका तरी चिठ्ठीत असेल तर यल्ला, लगेच काढून टाका."

तसं कुठल्याच चिठ्ठीत नव्हतं. अधिकाऱ्याला मल्याळम आणि हिंदी येत होतं, तमिळ त्याने एका पालकाकडून वाचून घेतलं. मराठी चिठ्ठी एकच होती. ती तपासायचं काम, देवाची करणी, तक्रार करणाऱ्याकडेच आलं.

पिवळ्या कागदावर, पेन्सिलीने, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलेलं: "मी इथे वाचलो."

खाली नाव, अनय शिरीष दाबके.

मला हसू आलं आणि रागही आला. चौथीतला मुलगा, कोथरूडचं घराणं, आणि साधा भूतकाळ येत नाही? खिशात लाल पेन होतंच. मी त्याला जवळ बोलावलं. "अनय, 'वाचलो' नाही. 'मी इथे वाचलं'. पुस्तक वाचलं. कळलं?"

अनयने माझ्या पेनावर हात ठेवला. "बाबा, नको. ते मिस्टेक नाहीये."

"मिस्टेकच आहे."

"नाही. लायब्ररीतल्या मावशीने मला दोन्ही सांगितलं होतं." तो शब्द शोधत थांबत थांबत बोलत होता. मराठीत बोलताना तो तसाच बोलतो. "बुक वाचलं तर 'वाचलं'. आणि आपण... आपण वाचलो तर 'वाचलो'. सेव्ह्ड. मला ते दुसरं लिहायचं होतं."

"कशापासून वाचलास?"

मग त्याने सांगितलं, एका दमात, अर्धं इंग्रजीत. दुसरीत तो आला तेव्हा इंग्रजी वाचताना अडखळायचा. बसमधली चार पोरं त्याची नक्कल करायची. मधल्या सुट्टीत त्याला घेरून म्हणायची, वाच, ते बोर्डावरचं वाच. वाचलं की हसायची. डबा तो बाथरूममध्ये खायचा. आठ-दहा दिवस. मग एकदा ताईंनी त्याला तिथून बाहेर येताना पाहिलं. काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "झिला, माजो चष्मो हरवलो, माका जरा वाचून दाखवशील?" तो लायब्ररीत गेला. अडखळला तर ताई हसत नसत, कारण त्यांना स्वतःलाही तो शब्द नीट म्हणता येत नसे. रोज एक पान. वर्षभराने ती चार पोरंसुद्धा लायब्ररीत यायला लागली आणि अनय त्यांना पुढचं वाचून दाखवायला लागला.

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही करेक्ट केलं असतं ना," अनय म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मला त्या रांगेत, त्या गर्दीत, जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लाल पेन मी परत खिशात ठेवलं. सुगंधाताई पलीकडे एका पोराच्या बोटाला शाई लावत होत्या. चष्मा डोक्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहायचं नाही हे त्यांनी ठरवून केलं असावं.

माझी पाळी आली. मी पडद्याआड गेलो आणि नूरुद्दीनला मत दिलं. बाहेर आलो तेव्हा मोठा त्याग केल्यासारखा चेहरा केला होता, असं अस्मिता म्हणते. तिला मी सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ अनयला जवळ घेऊन बसली. मग मला म्हणाली, "पडशील बहुतेक. बरं होईल."

पण त्यागाचं काय झालं, तर मी सत्तेचाळीस मतांनी निवडून आलो. "फीवाढ नाही" ही घोषणा मीच इतकी चांगली केली होती की तिला हरवणं मलाही जमलं नाही.

पहिल्या सभेत सगळ्यांनी लॅबचं विचारलं. समितीला बसायला पहिल्या मजल्यावर स्वतंत्र खोली होती. दोन एसी, तीन सोफे, चहाचं मशीन. मी म्हटलं, "लॅब होणारच. याच खोलीत." सोफ्यांवरचे सगळे चहाच्या मशीनकडे बघायला लागले. निवडून आल्याबरोबर दिलेला शब्द फिरवणारे पुष्कळ पाहिले असतील, पण चहाचं मशीन घालवणारा त्यांनी पहिलाच पाहिला.

"मग समितीने बसायचं कुठे?" खुदेजा मॅडमनी विचारलं.

दारात सुगंधाताई उभ्या होत्या. रजिस्टरवर सही घ्यायला आल्या होत्या म्हणे. हातात टेप होता, माझाच, घरून पुन्हा गायब झालेला. "लायब्ररीत आसा ना जागा," त्या म्हणाल्या. "बावीस फूट रुंद. मी मापून बघितलंय. अकरा माणसं आरामात बसतील."

तेव्हापासून समितीची सभा लायब्ररीत होते. खुर्च्या दुसरीच्या मुलांच्या, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागतात आणि सभा अर्ध्या तासात खलास होते. आवाज चढला की ताई ओठांवर बोट ठेवतात. सभेला उशिरा येणाऱ्याने एक पान मोठ्याने वाचायचं, असा नियम त्यांनी केला आहे. कुणाला विचारून केला ते आम्हाला अजून विचारता आलेलं नाही. बसथांब्यावर सावलीही झाली. ते काम नूरुद्दीनकडे दिलं आणि त्याने ते महिन्यात उरकलं.

चिठ्ठ्यांची भिंत अजून आहे. पहिली सभा संपल्यावर सगळे गेले तेव्हा मी ताईंकडे एक पिवळा कागद मागितला. त्यांनी दिला, आणि पेन्सिलही दिली. माझं लाल पेन त्यांनी आधीच टेबलाच्या खणात टाकलं होतं. अनयच्या चिठ्ठीत लिहिलंय, "मी इथे वाचलो." तिच्या बरोबर खाली मी माझी लावली: "मी इथे वाचलं."

येणारे-जाणारे मराठी पालक दोन्ही चिठ्ठ्या बघतात आणि हसून म्हणतात, दाबकेंनी पोराची चूक दुरुस्त केली वाटतं. म्हणू देत.