मुठीवरचं कुंकू

गुरुवारी बाबांना घेऊन भिलाईहून दुर्गला गेले... रिव्हॉल्व्हरची मूठ बदलायला.

लिहितानाही हे वाक्य विचित्र वाटतंय. बाबा स्टील प्लांटमध्ये फिटर होते. काही वर्षं खाणीवर बदली होती, रस्ता जंगलाचा, तेव्हा त्यांनी लायसन्स काढून ते घेतलं. गोळी एकदाही चालली नाही.

रिव्हॉल्व्हर वर्षातून एकदाच सगळ्यांसमोर यायचं, खंडेनवमीला. पाटावर बाबांचे पाने-पक्कड, आईची विळी, माझी पेनं आणि मधोमध ते. आई सगळ्यांना कुंकू लावायची... ओल्या बोटाने, सढळ हाताने.

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. स्मृति नगरच्या घरात बाबा आता एकटेच असतात, मी जवळच कोहक्यात. हल्ली केव्हाही गेलं की रिव्हॉल्व्हर टेबलावर दिसायचं आणि बाबा फडक्याने पुसत बसलेले असायचे. बोलायचे मात्र नळाबद्दल, भाजीबद्दल.

मीही काही विचारत नव्हते. परत निघताना गाडी सुरू करायचे आणि फाटकासमोर तशीच उभी राहायचे... आतून काही आवाज येतो का, ऐकत.

मग गेल्या आठवड्यात ते म्हणाले, "मूठ फुटली. नवी लावा लागते." माणसाला नवी मूठ कशाला हवी असते? पकड घट्ट बसावी म्हणून. मला दुसरं उत्तर सुचेना. कॉलेजात शिकवताना मध्येच वाक्य हातातून सुटत होतं.

गुरुवारी गाडीत बसताना त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. ड्युटीवर डबा न्यायचे तीच पिशवी. "मागे ठेवते," म्हणत मी हात पुढे केला.

"तू गाडी चालव नं. कावून जीव खाऊन राहिली?"

दुर्गच्या बंदुकांच्या दुकानात दुकानदाराने रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री केली, मग उजेडात धरलं. मुठीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, एकीला स्क्रूपासून खालपर्यंत चीर. लाकडावर कोरलेल्या बारीक रेघांमध्ये लाल काहीतरी साचलेलं.

"अंकल, ये लाल-लाल क्या है? कोई कांड किया क्या?"

"कुंकू है भाई. हमारी मिसेस हर साल पूजा करती थी."

"तभी तो लकडी गई. पानी पी-पी के."

बाबा हसले. आईच्या विषयावर त्यांना हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

दुकानदाराने काचेवर नव्या मुठी मांडल्या. शिसवी लाकडाची, पॉलिशने चकाकणारी. काळ्या प्लास्टिकची, हलकी. आणि एक रबराची, जाडजूड, बोटांसाठी खाचा असलेली. बाबांची दोन बोटं संधिवाताने नीट वळत नाहीत, ते त्याच्या लक्षात आलं. "अंकल को पतली वाली ठीक रहेगी."

मी रबराच्या मुठीवर बोट ठेवलं. बाबांचा हात तिच्याभोवती पुरणार नाही हे मला दिसत होतं. म्हणूनच.

"ही घ्या बाबा. मजबूत आहे, घामाने सटकत नाही." मी एखाद्या सेल्समनसारखी बोलत होते आणि कान तापले होते. वाटलं, आता वाद घालतील. साधा पाना घेताना दुकान डोक्यावर घेणारा माणूस. पण त्यांनी ती हातात धरूनही पाहिली नाही. "यही लगा दो," म्हणाले.

मी बाहेर पायरीवर गेले. आत आले. पुन्हा बाहेर. फोन काढला, काही न बघता ठेवला... एवढ्या लवकर हो का म्हणाले?

परत आत शिरले तर बाबा विचारत होते, "अब अच्छा दिखता है ना? ग्राहक को पसंद आएगा?"

"कोण ग्राहक?" मी.

"विकून राहिलो." माझ्याकडे न बघताच म्हणाले. विकायच्या परवानगीचा अर्ज त्यांनी आधीच दिला होता. ती मिळेपर्यंत रिव्हॉल्व्हर दुकानातच जमा राहणार होतं. दुकानदाराशी फोनवर सगळं ठरलेलं, मी फक्त ड्रायव्हर.

"मग मूठ कावून बदलली?" माझ्याही तोंडून घरचीच भाषा निघाली.

त्यांनी तळहात उघडला. जुन्या दोन फळ्या, चिरेसकट, लाल रेघांसकट. "हे का देऊ लोकाईले?"

येताना सिविक सेंटरला चहाला थांबलो. मी म्हटलं, आधी सांगायचं नं. "सांगतलं असतं तर दहा सवाल केले असते तू. मास्तरीण."

 मग कपात बघत म्हणाले, "मलेबी भेव वाटे त्याचा... घरात."

 जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. 

घरी आल्यावर त्यांनी फळ्या फडक्यात गुंडाळून पान्यांच्या पेटीत ठेवल्या. टेबल कित्येक महिन्यांनी रिकामं दिसलं. मी चपला घालत होते तेव्हा आतून आवाज आला, "खंडेनवमीले काढू. कुंकू तू लावजो... पाणी कमी घेजो."

हो म्हटलं. बाहेर येऊन गाडी सुरू केली. या वेळी फाटकासमोर थांबले नाही.