‘क’ कोलमचाच

आमच्या भाडेकरूसारखा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत दुसरा नव्हता, आणि नव्हता तेच बरं होतं. मूळचा साजगावचा. कारखान्यांना आणि आमच्यासारख्या दुकानांना कॉम्प्युटरचे प्रोग्राम करून द्यायचा आणि आमच्या तांदळाच्या दुकानामागे, माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. माऊस या वस्तूवर त्याचा फार राग. “मावशी, एका बोटाचं काम, त्याला अख्खा हात कशाला फिरवायचा?” घरातही तेच. डब्यांच्या झाकणांवर नावं नाहीत, एकेक अक्षर. मिठाला म दिला म्हणून मसाल्याला स मिळाला, आणि स गेला म्हणून साखरेला ख. त्याची बहीण पाहुणी आली तेव्हा चहा करायला म्हणून आत गेली आणि शिंकत बाहेर आली. आमच्या मधल्या भिंतीलाही त्याने कामाला लावलं होतं. एकदा ठोकलं की नळाला पाणी आलं, दोनदा ठोकलं की चहा टाका. हाक मारायला तोंड होतं, पण ते तो जेवणापुरतं वापरायचा.

माझा उजवा हात थरथरतो. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा माऊसचा बाण मला आवरेना. कोलमवर न्यावा तर आंबेमोहरावर जाऊन बसायचा. मुलगा म्हणाला, “आई, तू घरी बस. गल्ल्यावर माणूस ठेवतो.” नवरा गेल्यापासून त्या खुर्चीत मी बसते. घरी बसून काय भिंती बघू? हे भाडेकरूच्या कानावर गेलं. दुकानाचा प्रोग्राम त्यानेच केलेला. दुकानात ज्या जातींचा तांदूळ असेल तेवढ्यांचीच बटणं रोज सकाळी पडद्यावर आपोआप तयार व्हायची. प्रत्येक बटणाला त्याच्या नावातलं एक अक्षर मिळावं, आणि ते अक्षर दाबलं की काम व्हावं, अशी सोय त्याने केली. कीबोर्डावर मराठी अक्षरं चिकटवली. माझ्या चौथीपर्यंतच्या शाळेला तेवढं पुरे. क म्हणजे कोलम, आ म्हणजे आंबेमोहर. थोड्याच दिवसांत मी पडद्याकडे बघायचंही सोडलं.

मग एकदा दुकानात कणी आली. कणी म्हणजे तुटका तांदूळ, आमच्याकडे कोंबड्यांना घालतात. बटणं तयार होताना नावं क्रमाने लागत. कणी कोलमच्या आधी लागली, तिने क घेतला आणि कोलमला ल वर ढकललं. मी आपली सवयीने क दाबत राहिले. गोदामात एका लग्नाच्या तांदळाची चिठ्ठी गेली, गड्यांनी चिठ्ठीप्रमाणे पोती टेंपोत चढवली, लग्नाला कणी कशाला हे कोणी विचारलं नाही. खालापूरच्या लग्नघरातून फोन आला. “काकू, आमच्याकडं माणसं जेवनार हायत. तुमी कोंबड्यांची सोय केलीय.”

पोती बदलून दिली, लग्न पार पडलं. पण मुलाला निमित्त मिळालं. “सोमवारपासून माणूस येईल,” म्हणाला, आणि आत निघून गेला.

त्या दिवशी भाडेकरूने चहासाठी भिंत ठोकली नाही. दुकानात येऊन कॉम्प्युटरपुढे बसला, आणि बराच वेळ खुडबुड करून मुलाला बोलावलं. “दादा, मावशींच्या बोटाची चूक नाय. बोटानं बरोबर ध्यानात ठेवलं. अक्षर माझ्या बटणानं बदललं.”

“मग आता?”

“आता बटण पहिल्यांदा तयार झालं की त्याला अक्षर मिळणार, ते कायमचं. उद्या माल संपला, बटण गेलं, तरी ते अक्षर दुसऱ्याला द्यायचं नाय. कुणाचं तरी बोट तिथं जातच असतंय.”

क परत कोलमला मिळाला. कणीला ण दिला, तिची लायकी तेवढीच. रविवारी गिऱ्हाईक भरपूर असतं. मुलगा सकाळभर माझ्या मागे उभा राहिला आणि मी पडद्याकडे न बघता बिलं केली. एकही चुकलं नाही. सोमवारी माणूस आला नाही. अजून आलेला नाही.

पुढे भाडेकरूला पुण्याला नोकरी लागली. जाताना पाया पडला. मी विचारलं, “नळ नीट बंद केलास ना?”

आता त्या खोलीत एक शाळेतल्या बाई राहतात. स्वभावाने चांगल्या आहेत. परवा त्या कॅलेंडरसाठी खिळा ठोकत होत्या. भिंतीवर दोन ठोके ऐकले आणि मी चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळायला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं. गॅस बंद केला आणि त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, “बाई, काही लागलं तर तीनदा ठोका. दोनदा नको. ते दिलेलं आहे.”