तात्यांच्या गाडीची धाप

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची, गाडी उभी असतानाच जास्त धावायची.

म्हणजे रस्त्यावर ती बरी चालायची. पण सिग्नलला थांबवून न्यूट्रलला टाकली, की इंजिन आपलं आपण चढायचं. घूंऽऽऽ! मग एकदम मरगळायचं, आता गेलं असं वाटेपर्यंत. की पुन्हा घूंऽऽऽ! अॅक्सिलरेटरवर पाय कुणाचाच नाही! आत बसलेला माणूस नुसता बसून दमायचा.

गाडी म्हातारी झाली होती, पण ती विका म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच. मी वाशीमकडच्या खेड्यातला. नववीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर गावात अजून दोन मतं आहेत. दादरला साड्यांच्या दुकानात विक्रेता म्हणून लागलो आणि परळच्या या मालवणी माणसांनी मला आपली स्मिता दिली. वर चाळीतली अर्धी खोली दिली. त्या उपकारांखाली मी इतका वाकलेला, की ताटात दुसरा पापड आला तरी घाबरून ‘थँक्यू’ म्हणायचो.

आणि त्या सोमवारी माझी आई पहिल्यांदाच मुंबईत येत होती. माळकरी बाई. पोरगा सासरी राहतो म्हणजे त्याला पाणी भरायला ठेवला असणार, ही तिची पक्की समजूत. ती पुसावी म्हणून मी फोनवर छाती फुगवून सांगितलं होतं, “आई, काळजी नको करू. दादर स्टेशनवर गाडी घेऊन येतो.”

सकाळी तात्यांनी चाळीच्या आवारात गाडी चालू केली. घूंऽऽऽ... फस्स... घूंऽऽऽ!

“तात्या, आपण टॅक्सी केली तर?” मी हळूच म्हणालो.

“काय बोलतास जावयबापू!” तात्या गरजले. “घरची गाडी असताना विहीणबाई टॅक्सीतून? माझ्या दारात? उघडा बोनेट!”

“मी?”

“मग कोण? मिस्तरी गेलो जत्रेक. तुमी बघा.”

“पण मला त्यातलं काही...”

“असा कसा? तुमी शिकलेले नाय, म्हणजे हाताचं काम येतच असणार!”

मला फक्त साडीची घडी घालता येते. मी बोनेट उघडून आत पाहिलं. एकही वस्तू घडी घालण्यासारखी नव्हती.

तरी मी गंभीर चेहरा करून “हं” म्हणालो. त्या एका ‘हं’नं घात केला! वरच्या गॅलरीत माणसं गोळा झाली. “पेट्रोलात पाणी असतला!” “प्लग साफ कर रे!” “बॅटरी बदल!” मी प्रत्येकाला मान डोलावली. एक प्लग काढला, तो कुठून काढला ते विसरलो, मग जिथं भोक रिकामं दिसलं तिथं परत बसवला. इंजिन घूंऽऽऽ करून हसलं.

आता तात्यांनी शेवटचा उपाय काढला. नारळ! घरात कसलीही अडचण आली की तात्या देवाला गाऱ्हाणं घालतात. गीझर बिघडला तरी. त्यांनी नारळ हातात धरला, गाडीसमोर उभे राहिले आणि खड्या आवाजात सुरू झाले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गॅलरीतून एका सुरात.

घूंऽऽऽ! इंजिन.

तात्या दचकले, पण थांबले नाहीत. “आज ह्या लेकराची आवस परमुलखातसून येता हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” घूंऽऽऽ!

“ह्या गाडयेक कोणाची वायट नजर लागली असात, तर ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” घूंऽऽऽऽऽ!

इतकं वेळेवर तर गॅलरीतली माणसंही म्हणत नव्हती! सासूबाईंनी गाडीला हात जोडले. तात्यांचे डोळे भरून आले. मीही भीतीनं हात जोडले.

स्मिता तेवढी मोबाइलमध्ये डोकं घालून होती. “अहो, इथे व्हिडिओत सांगतायत, एखाद्या रबरी नळीला भोक पडलं की इंजिन फालतू हवा ओढतं आणि असं वरखाली होतं. चालू इंजिनात नळ्यांवर साबणाचं पाणी मारा. जिथे मारल्यावर आवाज बदलेल, तिथे भोक.”

सासूबाईंची इस्त्रीच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली साबण घालून आली. मी फुसफुस करत एकेक नळी धुऊ लागलो. पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही. मागच्या कोपऱ्यातल्या बोटाएवढ्या नळीवर पाणी मारलं आणि इंजिन गप्प झालं. बंद नव्हे, शांत! मी घाबरून नळी चाचपली. भोकावर बोट ठेवलं, शांत. काढलं, घूंऽऽऽ! ठेवलं, शांत.

“सापडलं!” मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी सापडलं होतं. आणि नळीशेजारी आणखीही काही सापडलं. मूठभर सुका जवळा!

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

“गो, गाडयेत सुकी कोलंबी खयसून इली?” तात्यांनी विचारलं.

“बोनेटार वाळत घालतंय मी,” सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. “गच्चीर कावळे येतत. हय कसा छान तापता!”

म्हणजे काचेखालच्या फटींतून जवळा आत पडत होता, त्याच्या वासानं उंदीर येत होते आणि जवळा संपला की तोंडी लावायला नळी खात होते! तात्या काही बोलणार, तोच सासूबाईंनी विचारलं, “रविवारी कालवण दोनदा मागून कोण खाता?” तात्यांनी नारळ फोडायला घेतला.

दुकानं सोमवारी बंद. नळी मिळणार कुठून? मग भोकावर चिकटपट्टीचे सात वेढे घातले आणि निघालो. दादर स्टेशनबाहेर पोचेपर्यंत गाडी गुणी बाळासारखी वागली. सासूबाई आणि स्मिता आईला आणायला आत गेल्या, मी गाडीवर लक्ष ठेवायला बाहेर थांबलो आणि तापलेल्या इंजिनावर चिकटपट्टी सुटली. घूंऽऽऽ... फस्स!

“बंद पडली तर चालू होऊची नाय!” तात्या स्टिअरिंगवरून ओरडले. “बोट लावा, बोट!”

मी धावत जाऊन बोनेट उघडलं आणि कमरेपर्यंत आत शिरलो. तेवढ्यात आई बाहेर आली.

“माहा बापू कुठी आहे?” तिचा आवाज ऐकू आला.

“ते काय,” सासूबाई म्हणाल्या, “बोनेटात.”

दोन वर्षांनी आईला माझं जे पहिलं दर्शन झालं ते मागच्या बाजूनं.

“अवो बाई!” आईनं गाठोडं खाली ठेवलं. “जावई म्हणून ठेवलं का मिस्तरी म्हणून ठेवलं माह्या पोराले?”

तात्यांचा चेहरा पडला. मी पाया पडायला बोट काढलं. घूंऽऽऽ, फस्स, फस्स... “बोट! बोट!” तात्या किंचाळले. शेवटी मी डावा हात इंजिनात ठेवून उजव्या हातानं आईला वाकून नमस्कार केला. आशीर्वाद तिनं दिला, पण पुटपुटत.

मग परळपर्यंत प्रत्येक लाल दिव्याला एकच कवायत. गाडी थांबली की मी उडी मारून बोनेटात, हिरवा झाला की पळत येऊन आत. मागचे हॉर्न वाजवतायत, तात्या “बोट!” म्हणतायत आणि आई नाकाला पदर लावून विचारतेय, “हा कायचा वास येऊन राहिला वो?”

“इंजिनाचा, विहीणबाई!” सासूबाई.

“खाते काय हे इंजिन?”

हिंदमाताच्या सिग्नलला तर आईही उतरली. मला वाटलं, आता ही इथूनच परत जाते. पण ती माझ्या शेजारी आली आणि भर चौकात पदरानं माझा घाम पुसू लागली. ते पाहून तात्याही उतरले आणि पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावू लागले. “सावकाश प्या, जावयबापू.” गाडीत ड्रायव्हर कुणीच नाही, दिवा हिरवा! मागच्या टॅक्सीवाल्यानं आमच्या तिघांच्याही खानदानाची विचारपूस केली.

घरी पोचल्यावर आईनं गावाकडे दादाला फोन लावला. मी जीव मुठीत धरून दाराआड उभा.

“बरं आहे ना त्याचं?” स्पीकरवरून दादा.

“लय बरं,” आई म्हणाली. “सासरा सोताच्या हातानं पानी पाजते त्याले. अन् काय सांगू तुले, माह्या बापूबिगर ह्या लोकायची गाडी उभीसुद्दा राहत नाही!”

ऐकून माझी छाती खरोखर फुगली. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला याहून मोठं सर्टिफिकेट कोण देणार!

गुरुवारी मिस्तरी गावाहून आला. त्यानं वीतभर रबरी नळी कापून माझ्या जागेवर बसवली. तेव्हापासून ती तिथं आहे, आणि खोटं कशाला बोलू, काम माझ्यापेक्षा पुष्कळ बरं करते!