कायापालट घडवणारा माणूस

नोकरी गेली ती दुपारच्या एका व्हिडिओ कॉलवर. पुण्याहून बेंगळुरूला आलो तेव्हापासून मी त्याच कंपनीत होतो. हॉस्पिटलांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी तपासायचं, त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. इतक्या वर्षांत रेझ्युमे लागलाच नव्हता. जुना शोधून काढला, तर त्यात मी अजून अविवाहित होतो आणि मला ट्रेकिंगचा छंद होता.

नवा लिहिला आणि पाठवत सुटलो. उत्तरं आलीच तर ठरावीक साच्यातली. एकदा तर अर्ज पाठवून चहाचा कप खाली ठेवतोय तोवर नकार आला. कुणी माणसाने तो वाचला असणं शक्यच नव्हतं.

जयनगरला राहणारा एक जुना सहकारी म्हणाला, "अरे, आधी मशीन वाचतं. जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे टाक. आणि नुसतं 'केलं' लिहू नकोस. 'नेतृत्व केलं', 'कायापालट घडवला' असं लिही."

"मी कसला कायापालट घडवला?"

"सगळेच घडवतात. तू टाक."

त्याने शेजारी बसून ते भारदस्त इंग्रजीत लिहून दिलं. वाचताना मला लाज वाटत होती. पण त्याच आठवड्यात हेब्बाळच्या एका कंपनीतून बोलावणं आलं, तेव्हा लाज गिळली.

मुलाखत घेणारी बाई माझ्याहून बरीच लहान होती, पण अदबीने बोलत होती. दुसऱ्या ओळीवर पेन टेकवून तिने विचारलं, "तुम्ही गुणवत्तेच्या संस्कृतीचा कायापालट घडवलात. म्हणजे नेमकं काय केलंत?"

मी टीम, प्रोसेस असं काहीबाही बोलत राहिलो. ती थांबून म्हणाली, "एखादं उदाहरण?"

एकही आठवेना. पुढचे प्रश्न तिने केवळ माझा मान राखायला विचारले, हे मला कळत होतं. राजाजीनगरला घरी परत येताना रिक्षावाला रस्ताभर "स्वल्प जाम आहे, सर" म्हणत होता आणि मला त्याचाही राग येत होता.

बायको बेळगावची, पण वाढली राजाजीनगरातच. एका कॉलेजात गणित शिकवते. ती पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. माझं ऐकून हात पुसत म्हणाली, "सरी, बरं, आण बघू तो कागद."

तिने दोन्ही पानं वाचली. "ते दोन पेशंटांचं यात कुठाय?"

"कुठल्या?"

"एकाच नावाच्या दोन बायकांचे रक्ताचे रिपोर्ट एकत्र होत होते. तू पकडलंस. रिलीज थांबवलंस म्हणून साहेब तुझ्याशी बोलत नव्हते. तेव्हा जेवताना रोज तेच ऐकत होते मी."

"असलं कुणी रेझ्युमेत लिहीत नाही."

"मग हे लिहितात? यात तू काय केलंस ते मला कळत नाही, आणि मी तुझी बायको आहे."

"मशीनला हेच लागतं. तुला काय जातंय बोलायला," मी म्हणालो आणि आतल्या खोलीत गेलो. ती मागे आली नाही. शेंगा सोलल्याचा आवाज येत राहिला.

सकाळी चिडूनच बसलो आणि कायापालट खोडला. काय सापडलं, कसं सापडलं, त्यामुळे काय टळलं, एवढंच लिहीत गेलो. ते मोठ्या शब्दांपेक्षा अवघड निघालं. एकेका ओळीसाठी जुने प्रसंग आठवून खात्री करावी लागत होती. मशीनसाठीचे शब्द तळाशी ठेवले, कारण त्याचं पोट भरल्याशिवाय माणसापर्यंत पोचता येत नव्हतं.

नकार त्यानंतरही येत राहिले. शेवटी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीतून फोन आला. मालकाने स्वतः रेझ्युमे वाचला होता. त्या दोन पेशंटांबद्दलच आम्ही अर्धाअधिक वेळ बोललो. नोकरी मिळाली, पूर्वीपेक्षा एक पायरी खाली आणि वर्षभराच्या कंत्राटावर.

रुजू झालो त्या सकाळी कार्यालयातली मुलगी म्हणाली, "सर, तुमची माहिती आमच्या पोर्टलवर परत भरावी लागेल. रेझ्युमे चालणार नाही."

कामाचं स्वरूप लिहायला तिथे जागाच नव्हती. तयार शब्दांतून एक निवडायचा होता. व्यवस्थापन होतं, विक्री होती, नेतृत्वही होतं. तपासणी नव्हती. मी दोनदा खालीवर करून पाहिलं, मग 'इतर'वर क्लिक केलं आणि पुढचं पान उघडायची वाट बघत बसलो.