दोघांपुरती मोटार

लढाईच्या दिवसांत भालकीजवळच्या आमच्या मेहकरात एकच मोटार होती, जागीरदारांची. विलायती, दोघांपुरतीच, शर्यतीसाठी त्यांनी तिचं इंजिन बदलून घेतलेलं. माझ्या पत्नीचा ताप आठ दिवस उतरेना, तेव्हा बीदरच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी ती देऊ केली. पण तेव्हा मिळे त्या रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर ती चढाला खडखडून बंद पडे.

भालकीहून मिस्त्री आला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. ठिणगीसाठी वीज जिथं तुटते, डबीतल्या त्या दोन टोकांत त्यानं पतंगी कागदाचा कपटा धरला आणि हँडल हळूहळू फिरवलं. कागद सुटला की तो थांबायचा, डबी केसभर मागं सारायचा, पुन्हा कागद धरायचा.

“कामून एवढा वेळ लावायलास?” मी ओरडलो.

“मास्तर, ठिणगी लवकर पडली की ह्या तेलानं इंजिन फुटतंय. उशिरा पाडायलोय. पळणार न्हाई, पण पोचंल.”

जागीरदारांच्या ड्रायव्हरशेजारी पत्नीला बसवलं. मोटार निघाली. मी घराकडं वळलो, तर मिस्त्रीनं काळ्या हातानं माझं मनगट धरलं.

“थांबा की. चढ येऊ द्या.”

मान कलती करून तो ऐकत राहिला. आवाज चढावर गेला, एकसारखा, आणि दूर विरला.

“खडखड न्हाई,” तो दमून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बैलगाडीनं बीदरला पोचलो, तेव्हा ती तापातच गेली होती. मिस्त्रीनं धरून ठेवलं नसतं, तर चढावरून तिचं जाणं मी तेवढंही ऐकलं नसतं.